घाईने होत नाहीत अशी कामं: कोकणात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

शनिवारी येऊन रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसणाऱ्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही. गावचं बंद घर पुन्हा उघडून राहायला आलेल्यांसाठी, निवृत्तीनंतर वाडीत परतलेल्यांसाठी, किंवा लॅपटॉप घेऊन दोन-चार महिने किनाऱ्यालगत भाड्याने घर घेतलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. येताना बहुतेकांनी मनाशी एक ठरवलेलं असतं: आता निवांत राहायचं. पहिले दोन दिवस झोपाळ्यावर बरे जातात. तिसऱ्या दिवशी हात आपोआप फोनकडे जायला लागतो, चौथ्या दिवशी ‘आसपास बघण्यासारखं काय आहे’ याची यादी तयार होते, आणि आठवडा संपतो तेव्हा माणूस ठाण्यात होता तेवढाच दमलेला असतो. फक्त उकडतं जास्त.

मनाला ‘हळू हो’ म्हणून सांगितल्याने ते होत नाही. त्यापेक्षा कितीही घाई केली तरी लवकर आटपणार नाही असं एक काम रोज हाती घ्या. काम स्वतःच्या कलाने चालतं, आपल्याला त्याच्या कलाने चालावं लागतं, आणि तेवढ्या वेळात डोळे, नाक, कान ठिकाणावर येतात. कोकणात अशी कामं पायलीला पन्नास मिळतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. ‘कोकणातली माणसं संथ’ हे पर्यटकाचं मत झालं. दापोलीजवळ हर्ण्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव एकदा उभं राहून बघा. भाव काय फुटला हे आपल्याला कळेपर्यंत टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेली असते. जुलैत लावणीच्या दिवसांत शेतात वाकलेल्या बायकांना कुणी ‘निवांत आयुष्य’ म्हणून दाखवावं! इथल्या माणसालाही घाई असते. फक्त ती कधी करायची आणि कधी करून उपयोग नाही, हे त्याला ठाऊक असतं. नवख्याने शिकायचं ते हेच.

आधी भरतीची वेळ काढायला शिका

घरात तिथी दाखवणारी दिनदर्शिका टांगा. तिथीला तीनने गुणा आणि चाराने भागा, म्हणजेच तिथीची पाऊणपट करा. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थी असेल तर ३, म्हणजे तीनच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. म्हणजे पंचमीला पहाटे पावणेचारला भरती असेल तर सकाळी दहाच्या आसपास पाणी सर्वांत खाली गेलेलं असेल.

हा ढोबळ हिशेब आहे. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत गेलं की आणखी उशीर होतो. सुरुवातीला भरती-ओहोटीचं छापील किंवा फोनवरचं वेळापत्रक ताडून बघा. पण हिशेब बोटांवर करायची सवय लावा, कारण त्यासाठी आज तिथी कुठली हे माहीत असावं लागतं, आणि तिथी माहीत असली की रात्री चंद्र कुठे असेल हेही कळतं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते ती चंद्रामुळेच. पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो.

या पन्नास मिनिटांतच सगळी गंमत आहे. सकाळी सहाला चालायला जायचं ठरवलं, तर आठवड्याभरात ते दात घासण्यासारखं होतं. पाय चालतात आणि डोकं ऑफिसात असतं. ओहोटीची वेळ मात्र रोज बदलते. आज दहाला, उद्या अकराच्या जवळ, परवा भर दुपारी. ती सवयीत मुरत नाही, म्हणून उरकून टाकता येत नाही. घरून काम करणाऱ्यांनी मीटिंगांच्या मधली फट त्या दिवसाच्या ओहोटीप्रमाणे शोधावी. कधी ती मिळणार नाही, तेव्हा भरती बघायला जा.

किनाऱ्यावर जाऊन करायचं काय

ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी जा आणि रोज त्याच जागी बसा. जागा निवडताना शेजारी थोडा कातळ आणि थोडी वाळू असेल असं बघा. फोन घरी ठेवा. बरोबर न्यावाच लागला तर पिशवीच्या तळाशी.

पहिले दहा मिनिटं काहीच दिसणार नाही. मग वाळूवरच्या मोहरीएवढ्या गोळ्या दिसतील, एका भोकाभोवती पसरलेल्या. ते बारीक खेकड्यांचं काम. वाळू तोंडाशी नेऊन त्यातलं खाण्याजोगं घेतात आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतात. तुम्ही हललात की सगळे आत. पुन्हा बाहेर यायला वेळ लावतात, तोवर स्थिर बसावं लागतं. कातळातल्या डबक्यांत कोळंबीची पारदर्शक पिल्लं असतात, दगडाला चिकटलेली कालवं असतात. खाडीकाठी गाव असेल तर ओहोटीला बायका तिसऱ्या, मुळे, खुबे अशी शिंपली काढायला उतरतात. दोन-चार दिवस ओळख झाल्यावर ‘मावशी, मी येऊ का बरोबर?’ असं विचारा. नाही म्हणणार नाहीत, थोडं हसतील. चिखलात पाय कसा टाकायचा आणि शिंपलीची खूण कशी ओळखायची, हे बघून शिकायचं, सांगून येत नाही.

आता जिवाची गोष्ट. ओहोटी ते भरती हा साधारण सहा तासांचा काळ, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांत मोजला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. कातळावर लांब गेलेला माणूस ‘अजून किती कमी पाणी आहे’ म्हणत राहतो आणि मागची घळ भरून जाते. पाणी उलटलं की परत फिरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त आत जातं आणि जास्त वर येतं. त्या दिवसांत संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास ओहोटी असते आणि किनारा एरवीपेक्षा खूप रुंद दिसतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच नका, घोट्यापर्यंतही नको. ओल्या हिरव्या शेवाळावर चपला घालून पाय टाकायचा नाही, हे बारा महिने.

आणखी एक लक्षात ठेवण्याजोगं म्हणजे वारा. पावसाळा सोडला तर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, ऊन तापलं की समुद्राकडून खारा सुरू होतो. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मतलईवर बाहेर पडायचं आणि खाऱ्यावर परत यायचं, असा दिवस ठरलेला असे. या दोन वाऱ्यांच्या मधे थोडा वेळ हवा अगदी पडलेली असते. माडाचं पान हलत नाही. पडवीत बसून हा बदल नेमका कधी होतो ते पकडायचा प्रयत्न करा. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

वाटेत थांबा

कोकणात पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, चालताना कुणीतरी विचारणारच. मालवणकडे ‘खय चललात?’, वर रत्नागिरीकडे आणखी कुठल्या तरी सुरात. शहरातून आलेला माणूस चालता चालता ‘इकडेच जरा’ म्हणतो आणि सुटतो. असं करू नका. थांबा, कुठे चाललात ते नीट सांगा आणि त्यांचंही विचारा. पहिल्या आठवड्यात प्रश्न फार होतील: कोणाच्या घरी उतरलात, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, मुलं काय करतात. याला चौकशी समजून चिडणारे पुष्कळ बघितले. पण ओळख पटवल्याशिवाय इथे कुणी मोकळं बोलत नाही, आणि एकदा पटली की अडचणीला अर्धी वाडी धावून येते.

‘च्या घेवन जावा’ असं कुणी म्हटलं तर चप्पल काढून ओटीवर बसा. चहा यायला वेळ लागेल. चूल पेटवायची असेल किंवा दूध आणायला पोर पाठवलं असेल. त्या वेळात घड्याळ बघायचं नाही, एवढा एकच नियम पाळा.

हाताला एक काम घ्या

या भागाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ध्यानाला बसणं सगळ्यांना जमतंच असं नाही. हातात काम असलं की मात्र बहुतेकांचं मन बसतं. कुठलं काम, ते महिना ठरवतो.

एप्रिल-मेमध्ये आलात तर आमसुलं घाला. बाजारात मिळतात हे खरं, तरीही. शेजाऱ्यांकडून पिकलेले रातांबे घ्या, सिंधुदुर्गात त्यांना भिरंडंही म्हणतात. धुऊन, पुसून, फोडून दोन भाग करा. बिया आणि गर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून मीठ घाला, त्याला रस सुटतो. ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडं नको, आंबट रस त्याला खातो. साली उन्हात पसरा. संध्याकाळी आत घ्या, रसात बुडवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. पाच-सात पुटं झाली की साल काळपट जांभळी, मऊ आणि चिवट होते. हात आठवडाभर लाल राहतात. बिया टाकू नका, त्यांच्यापासून निघणारं कोकमतेल पायांच्या भेगांना लावतात.

यात घाई करून काहीही मिळत नाही. ऊन जेवढं, तेवढंच सुकणार. आणि मग मेच्या शेवटी एखाद्या दुपारी पूर्वेकडे ढग चढतात, वळवाचा पहिला थेंब पडतो, आणि अख्खी वाडी खळ्यात धावते. आमसुलं, पापड, फणसपोळ्या, लाकडं, गोठ्याची गवतं, जो तो दिसेल ते उचलतो. तुमचं उचलून झालं की शेजाऱ्यांचं उचला. ‘पूर्ण जिवंत वाटणं’ म्हणतात ते नेमकं काय असतं, याचं उत्तर मला त्या दहा मिनिटांत मिळतं, झोपाळ्यावर कधी मिळालं नाही.

दुसरं काम आंब्याच्या अढीचं. कच्चे हापूस पेंढ्यात एका थराने मांडायचे, देठ सांभाळून. रोज खोलीत जाऊन आधी वास घ्यायचा, मगच पेंढा उचलायचा. चार-पाच दिवस नुसता गवताचा वास येतो. मग एका सकाळी दारातच कळतं. कुठल्या कोपऱ्यातला आंबा आधी तयार झाला, हे नाकाने ओळखायचा प्रयत्न करा. घरातल्या आजींना ते चुकत नाही. दाबून बघू नका, डाग पडतो आणि बोलणी बसतात.

हिवाळ्यात आलात तर आगराला, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेला, शिंपणं आहे. पंप सुरू केला तरी पाटातलं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवायला माणूस लागतोच, फावड्याने माती ओढायची आणि पाणी सुपारीच्या मुळाशी पोचेपर्यंत उभं राहायचं. काहीच नसेल तर रोज एक नारळ फोडून विळीवर खवणा, वाटून दूध काढा आणि त्यात आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) घालून सोलकढी करा. मिक्सर चालेल. खवणं मात्र हातानेच.

ताटासमोर

सावकाश जेवा असा उपदेश करायची गरज पडत नाही, पेडवे आणा. इतका काटेरी मासा घाईने खाता येत नाही, आणि फोन बघत तर नाहीच. काटा काढायला दोन्ही डोळे आणि एक हात पुरा लागतो. शाकाहारी असाल तर आठळ्या (फणसाच्या बिया) चुलीच्या निखाऱ्यात भाजा आणि एकेक सोलून खा. सकाळी उकड्या तांदळाची पेज घ्या, शेजारी लोणचं किंवा भाजलेला सुका मासा. ती गरम असताना ओढता येत नाही आणि गार झाली की मजा जाते, मधली वेळ साधावी लागते.

एक जागा, पुन्हा पुन्हा

एका दिवसात चार ठिकाणं करण्यापेक्षा एका ठिकाणी चार वेळा जा. याला सर्वांत चांगली जागा म्हणजे कातळशिल्पं. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. भर दुपारी जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, आणि लोक फोटो काढून दहा मिनिटांत निघतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हाने खोदलेल्या रेघेत सावली भरते आणि आकार उठून येतात. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत, ते एका फेरीत दिसत नाहीत. रेघांवर पाय देऊ नका, खडूने किंवा पाण्याने त्या उठवू नका.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मंडणगड-दापोलीकडे असाल तर वेळास किंवा आंजर्ल्याला जा. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथे कुंपणात जपतात, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात. कधी खाली पिल्लं असतात, कधी नसतात. ‘एवढ्या लांबून आलो आणि काहीच नाही’ म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांवर ओरडणारे पाहुणे बघितले की वाटतं, यांना आधी पेडवे खायला घालायला हवे होते.

प्रवास

खाडी ओलांडताना पुलाचा वळसा टाळून तरीने, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीने, जा. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरी आहेच, लहान होडी मिळाली तर आणखी बरं. होडी सुटायची वाट बघत बसणं हाही त्या प्रवासाचाच भाग. रेल्वेने जायचं तर दिवा–सावंतवाडी गाडी. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी थांबते आणि थांबूनच राहते. डब्यातली माणसं जेवणाचे डबे उघडतात. तुम्हीही उघडा.

कंटाळा येईल तेव्हा

दुसऱ्या आठवड्यात येतोच. दुपारी दोन ते चार ही त्याची हक्काची वेळ. तेव्हा गाडी काढून कुठेतरी जायची इच्छा होते, ती दोन दिवस दाबून ठेवा. पडवीत आडवे व्हा, झोप आली तर झोपा. कंटाळा बसू दिला की त्यातूनच काहीतरी सुचतं: गडगा (दगडी कुंपण) ढासळलाय तो रचू, विहिरीचा रहाट करकरतोय त्याला तेल घालू. सिंधुदुर्गात असाल आणि जत्रेचे दिवस असतील तर त्या दुपारी मुद्दाम झोप काढा, कारण रात्री दशावतार बघायचा आहे. तो उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नसते, नट रंगात येईल तसं बोलणं वाढतं.

पावसाळ्याबद्दल मात्र खरं सांगतो. जुलैत सलग पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत, वीज जाते, भिंतींना बुरशी येते, जून-जुलैची मासेमारी बंदी असल्याने ताटही बदलतं. चार दिवस ते सुंदर वाटतं, पंधराव्या दिवशी माणूस खचतो. एकटे राहत असाल तर पहिला मुक्काम पावसाळ्यात करू नका. केलाच तर रोज एकदा तरी कुणाच्या ओटीवर जाऊन बसा. मन फार दिवस उतरलेलं राहिलं तर तालुक्याच्या डॉक्टरांना भेटा, त्यावर समुद्र हा उपाय नाही.

हाक आली तर जा

महिनाभर टिकलात की एक दिवस कुणीतरी बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, येऊन हाक मारेल. कुणाच्या घराची कौलं चाळायची असतात, कुठे पालखी यायची म्हणून अंगण सारवायचं असतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण लागली असेल. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकून येते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. हात कितीही असले तरी कमीच पडतात. ओढताना पुढच्या माणसाच्या तालावर पाय टाका, स्वतःचा जोर दाखवायला जाऊ नका. दोर ओला आणि खारा असतो, तळहात सोलवटतात, घरी गेल्यावर खोबरेल लावा. जाळं वर यायला तास-दोन तास सहज जातात. जाताना एक कापडी पिशवी बरोबर असू द्या, कारण ओढणाऱ्याला वाटा देतात, आणि जिवंत तडफडणारे बांगडे नुसत्या हातात धरून घरापर्यंत नेणं नवख्याचं काम नाही.